कथा उरली, कथेकरी हरपला

गोंदिया शहराला लागून असलेले मुर्री हे गाव महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला वसले आहे. उत्तरेस मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा, पूर्वेस छत्तीसगडची हद्द आणि भोवताली धानाच्या बांध्या. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा राज्याच्या नकाशावर या टोकाला स्वतंत्र नाव मिळाले. परंतु नकाशावर नाव येणे वेगळे आणि इतिहासात नाव येणे वेगळे. या परिसरातील माणूस घरी झाडीबोली किंवा पोवारी बोलतो, शाळेत प्रमाण मराठी शिकतो, बाजारात हिंदीत व्यवहार करतो आणि सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टीकडे गेला म्हणजे त्याच्या कानी गोंडी पडते. इतक्या भाषांत वावरणाऱ्या या माणसाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते; ते ऐकून ठेवणारे मात्र त्याला फार थोडे भेटले.

वस्तुसंग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेची कपाटे, त्यांतील मूर्ती, नाणी, शस्त्रे आणि प्रत्येकीखाली चिकटवलेली दोन ओळींची चिठ्ठी उभी राहते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभरच्या संग्रहालयांनी या चिठ्ठीच्या जोडीला एक नवे साधन आणले आहे. त्याला डिजिटल कथन असे म्हणतात. १९९४ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे जो लॅम्बर्ट, डेना अ‍ॅचली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीच्या कार्यशाळांसाठी संस्था उभारली. पुढे ती संस्था बर्कली येथे गेली. पद्धत अगदी साधी होती. सामान्य माणसाने आपल्या आयुष्यातील एक प्रसंग स्वतः लिहावा, स्वतःच्या आवाजात सांगावा, त्याला घरातील पाच-दहा छायाचित्रांची जोड द्यावी आणि दोन-तीन मिनिटांचा चलतपट संगणकावर स्वतःच सिद्ध करावा. २००१ ते २००८ या काळात बीबीसीने वेल्समधील गावोगावी अशाच कार्यशाळा भरवल्या आणि खाणकामगार, गृहिणी, शेतकरी यांच्या कथा एकत्र केल्या. संग्रहालयांना ही पद्धत भावली, कारण वस्तू मुकी असते आणि माणूस बोलका असतो.

या नव्या साधनाचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. साधन कोणतेही असो, एक प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: कथा जपताना सांगणाऱ्याचे काय होते? या प्रश्नाचा इतिहास मुर्रीपासून फार दूर नाही. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सालेकसा तालुक्यात, तो एका गुहेच्या तोंडाशी सुरू होतो.

कचारगडची गुहा

दरेकसा स्थानकावर उतरून धनेगावच्या वाटेने डोंगर चढू लागले की कचारगडच्या गुहा लागतात. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक राज्यांतून गोंड बांधव लोटतात. त्यांच्या श्रद्धेनुसार हे त्यांच्या धर्माचे उगमस्थान होय. यात्रेत सांगितली जाणारी कथा अशी: कली कंकालीच्या तेहतीस मुलांना शंभू महादेवाने गुहेत कोंडले आणि तिच्या तोंडावर प्रचंड शिळा बसवली. पहांदी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांना त्या मुलांची मुक्तता करावयाची होती. पण शिळा हलेना. तेव्हा हिरासुका पाटालीर नावाचा वादक गुहेपाशी आला आणि त्याने आपल्या वाद्यावर सूर धरला. त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगी बळ संचारले, त्यांनी एकजुटीने शिळा लोटली आणि ती बाहेर आली. मात्र घरंगळलेल्या शिळेखाली तो वादक चिरडला गेला. मुक्त झालेल्या मुलांना लिंगोने धर्म आणि गोत्रव्यवस्था दिली.

या कथेचे धार्मिक मर्म गोंड बांधवांनीच उलगडावे. त्यावर भाष्य करण्याचा अधिकार आमचा नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला तिच्यात आणखीही काही दिसते. एका समाजाने आपल्या उत्पत्तीच्या कथेत योद्ध्याच्या वा राजाच्या बरोबरीने एका वादकाला स्थान दिले, त्याचे नाव लक्षात ठेवले आणि दरवर्षी ते उच्चारले. ज्या समाजाने लेखणी हाती धरली नव्हती, त्याला आपली स्मृती कोणाच्या खांद्यावर आहे हे पक्के ठाऊक होते. गोंडांमध्ये हा भार परधान वाहत असत. हाती बाना नावाचे तंतुवाद्य घेऊन परधान आपल्या गोंड यजमानाच्या दारी ठरावीक वर्षांनी येत, त्याच्या कुळाची परंपरा आणि देवांच्या कथा गात आणि धान्य, वस्त्र, कधी गाय-बैल घेऊन परतत. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघापासून व्हेरियर एल्विन यांचे सहकारी असलेले शामराव हिवाळे या मराठी अभ्यासकाने १९४६ साली परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांचे जे जिवंत चित्र त्यात आढळते, ते आजही अभ्यासकांना उपयोगी पडते.

हिस्लॉप यांची कागदपत्रे

लिंगोची कथा पहिल्यांदा कागदावर आली ती एका मिशनऱ्याच्या हातून. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, विदर्भातील खडक आणि जीवाश्म अभ्यासले, प्राचीन शिलावर्तुळे शोधली आणि गोंडांच्या भाषेकडे व गीतांकडे लक्ष पुरवले. एका परधानाच्या तोंडून त्यांनी लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परत येत असता, पावसाने फुगलेल्या नाल्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. मध्य प्रांताचे त्या वेळचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे टिपणवजा कागद मिळवले, संपादिले आणि १८६६ साली नागपूरहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मूळ गोंडी शब्द रोमन लिपीत आणि सोबत इंग्रजी अनुवाद, अशी त्या गीताची मांडणी आहे.

या ग्रंथाचे मोल मोठे आहे. त्यातील कथा आणि आज कचारगडला सांगितली जाणारी कथा तंतोतंत जुळत नाहीत. त्या गीतात लिंगो स्वतः वाद्य वाजवतो, त्याचे भाऊ त्याला ठार मारतात, तो पुन्हा जिवंत होतो, अवघड अटी पूर्ण करून महादेवाकडून गोंडांची सुटका मिळवतो. तोंडी परंपरेत असे पाठभेद असावयाचेच. जितके गायक तितके पाठ. म्हणूनच कोणता पाठ कोणी, कोठे, कोणासमोर गायला याला महत्त्व असते. आणि नेमके तेच आपल्या हाती नाही. हिस्लॉप यांचे नाव महाविद्यालयाला मिळाले, एका खनिजालाही मिळाले, आणि ते उचितच झाले. टेंपल यांचे नाव मुखपृष्ठावर आले. पुढे १८७१ साली फोर्सिथ या अधिकाऱ्याने मध्य भारतातील डोंगराळ मुलखावरील आपल्या पुस्तकात लिंगोची कथा इंग्रजी पद्यात आणली, तर १९१६ साली नागपूरचे अँग्लिकन बिशप चॅटर्टन यांनी गोंडवनाच्या इतिहासात तिचा परामर्श घेतला. एका परधानाने दिलेल्या गीतावर चार ग्रंथकारांची नावे उभी राहिली. तो परधान मात्र ‘एक परधान’ म्हणूनच राहिला.

यात कोणाचा कपटभाव होता असे आम्ही म्हणत नाही. त्या काळची दृष्टीच तशी होती. गीत ही जमातीची मालमत्ता, गाणारा हा तिचा केवळ वाहक, अशी समजूत होती. याच काळात, १८६३ साली, नागपुरात मध्यवर्ती संग्रहालयाची स्थापना झाली. लोक त्याला कौतुकाने अजब बंगला म्हणू लागले. शिलालेख, ताम्रपट, प्राणी-पक्षी, आदिवासींची शस्त्रे व दागिने यांना तेथे घर मिळाले. बाना हे वाद्य कपाटात ठेवता येते; बाना वाजवणारा कपाटात ठेवता येत नाही. त्याचा आवाज साठवण्याचे साधन तेव्हा जगात कोठेच नव्हते. एडिसनचा फोनोग्राफ आला तो १८७७ साली.

उधळ्या पुत्राची तबकडी

आवाज साठवण्याचे साधन हाती आल्यावर काय घडले, हेही पाहण्याजोगे आहे, आणि त्यात आमच्या वाचकांना ओळखीची एक कथा भेटते. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी १८९४ साली भारतातील भाषांचे सर्वेक्षण हाती घेतले. ते पुरे व्हायला १९२८ साल उजाडले. प्रत्येक भाषेचा आणि बोलीचा नमुना एकाच मजकुराचा असावा, म्हणजे तुलना करता येईल, असा त्यांचा विचार होता. त्यासाठी त्यांनी लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त निवडला. येथील लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून त्यात थोडे शाब्दिक फेरफारही केले. १९०५ सालच्या खंडात मराठीचे आणि १९०६ सालच्या खंडात गोंडीचे नमुने प्रसिद्ध झाले. दोन्ही खंडांवर स्टेन कोनो या नॉर्वेच्या विद्वानाने काम केले होते. पुढे १९१३ ते १९२९ या काळात निरनिराळ्या प्रांतांत ग्रामोफोनच्या तबकड्याही भरण्यात आल्या. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयामुळे त्या आज घरबसल्या ऐकता येतात.

शंभर वर्षांपूर्वीचा माणूस आपल्या बोलीत बोलतो आहे हे ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात. परंतु थोडा विचार केला की एक उणीव जाणवते. तो माणूस बोलतो आहे, पण त्याची गोष्ट सांगत नाही. धाकट्या मुलाने वाटणी मागितली, दूर देशी गेला, सर्व उधळले आणि पित्याकडे परतला, ही कथा जगातील थोर कथांपैकी एक आहे. पण ती त्याच्या हाती देण्यात आली होती. सर्वेक्षणाला त्याचे उच्चार हवे होते, त्याचे आयुष्य नव्हे. ग्रिअर्सन यांना ही मर्यादा ठाऊक होती. म्हणूनच शक्य तेथे त्यांनी दृष्टान्ताच्या जोडीला स्थानिक गोष्टी वा गीते घेतली.

अशा रीतीने दोन टप्पे झाले. हिस्लॉप यांच्या वेळी कथा राहिली, आवाज गेला. ग्रिअर्सन यांच्या वेळी आवाज राहिला, पण कथा दुसऱ्याची होती. तिसरा टप्पा असा हवा की कथा, आवाज आणि नाव ही तिन्ही एकत्र राहावीत. डिजिटल कथनाचे खरे मोल यातच आहे.

जात्यावरील ओव्या

हे आपल्याकडे घडू शकते याचा पुरावा पश्चिम महाराष्ट्राने दिला आहे. पुण्यात राहून काम करणारे मूळचे फ्रेंच अभ्यासक गी पॉत्व्हँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या साहाय्याने जात्यावरील ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पिठाची गिरणी आल्यावर जाते बाजूला पडले आणि जात्यासोबत पहाटेचे ते गाणेही विझत चालले होते. संकलन वेळेवर झाले. बर्नार्ड बेल या संगीत आणि संगणक या दोन्ही क्षेत्रांतील जाणकाराने या ओव्यांची संगणकीय सूची रचली. पॉत्व्हँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली निवर्तल्या. त्यानंतर ‘पारी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या दप्तराने हा ठेवा हाती घेतला आणि २०१७ पासून तो महाजालावर क्रमाने प्रसिद्ध होऊ लागला.

या संग्रहाची मांडणी लक्षपूर्वक पाहावी. ओवीसोबत गाणारीचे नाव असते, तिचे गाव असते, तालुका आणि जिल्हा असतो. अनेक ठिकाणी तिचे छायाचित्र असते, ध्वनिमुद्रण असते. संग्राहकांच्या वारसांनी पुढे त्या गावी पुन्हा जाऊन गाणाऱ्या स्त्रियांना शोधले, त्यांचे नवे चित्रण केले, आणि एखादी निवर्तली असेल तर तिच्या लेकी-सुनांना तिचा जुना आवाज ऐकवला. सासर-माहेर, भाऊ, लेक, पंढरी, सीता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अशा विषयांवर या बायांनी जे रचले, ते एरवी ‘लोकसाहित्य’ या निनावी राशीत पडले असते. येथे ते अमक्या गावच्या अमक्या बाईचे म्हणणे म्हणून उभे राहिले. आमच्या मते गेल्या काही दशकांत मराठीत झालेल्या सांस्कृतिक कामांत याचे स्थान फार वरचे आहे.

परधानांच्या बाबतीत निराळे वळण आले. यजमानांची स्थिती खालावली, दान आटले, बाना कोनाड्यात पडला. मध्य प्रदेशातील पाटणगढ या गावचा जनगढ सिंह श्याम हा तरुण परधान, चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने भोपाळच्या भारत भवनात आला. १९८२ साली उघडलेल्या त्या कलाभवनात त्याला कागद आणि रंग मिळाले, आणि ज्या देवांच्या कथा त्याचे पूर्वज गात असत त्या त्याच्या चित्रांतून प्रकट झाल्या. १९८९ साली त्याची कला पॅरिसच्या प्रदर्शनात गेली. परधानाला अखेर नाव मिळाले. पण २००१ साली जपानमधील एका दूरच्या संग्रहालयात काम करीत असता त्याचा अकाली अंत झाला. नाव मिळणे महत्त्वाचे खरे. पण तेवढ्याने सर्व साधत नाही. कलावंताच्या पाठीशी त्याचे गाव आणि त्याची माणसे उरतात की नाही, हाही प्रश्न आहेच.

तीन धोके

नव्या साधनाचे धोकेही आहेत. पहिला टिकाऊपणाचा. १९८६ साली इंग्लंडमध्ये बीबीसीने एक भव्य उपक्रम केला. १०८६ सालच्या ‘डोम्सडे बुक’ या जमीनमोजणीच्या ग्रंथाला नऊशे वर्षे झाली म्हणून शाळकरी मुलांसह लक्षावधी लोकांकडून आपल्या गावाची माहिती लिहवून घेतली आणि ती लेसर तबकड्यांवर साठवली. पंधरा-सोळा वर्षांतच ती वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली, आणि तो ठेवा सोडवण्यासाठी तज्ज्ञांना मोठा खटाटोप करावा लागला. नऊशे वर्षांपूर्वीचा चर्मपत्रावरील मूळ ग्रंथ मात्र तसाच वाचता येत होता. आपल्या परंपरेतही याचा अनुभव आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले आणि पुढे दोनदा पुन्हा छापले गेले. तरी सतराव्या शतकातील त्या मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो हाताने केलेल्या नकलांमुळे आणि देवळांतून व घरांतून तो गाइला जात होता म्हणून. १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला तो हस्तलिखितांच्याच आधारे. यंत्र कोणतेही असो, नकल करणारे हात आणि गाणारे कंठ असतील तरच स्मृती टिकते, हा त्यातला धडा होय.

दुसरा धोका परवानगीचा. प्रत्येक कथा प्रत्येकाने ऐकावी अशी नसते. काही गीते ठरावीक विधीतच गावयाची असतात, काही बायांनी बायांसमोरच म्हणावयाची असतात, काही मृतांविषयीची असतात. ऑस्ट्रेलियातील वारुमुंगू आदिवासींनी हा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा त्यांच्या सहकार्याने ‘मुकुर्तू’ नावाची संगणकीय व्यवस्था तयार झाली. कोणती चित्रे वा ध्वनी कोणी पाहावेत, ऐकावेत, हे त्या व्यवस्थेत समाज स्वतः ठरवतो. मुकुर्तू या शब्दाचा अर्थ मौल्यवान वस्तू जपून ठेवण्याची पिशवी असा आहे. पिशवी ज्याची, गाठ सोडण्याचा अधिकार त्याचा, इतका सरळ हा न्याय आहे.

तिसरा धोका दिखाऊपणाचा. गोंदियाहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या नवा रायपूर येथे १ नोव्हेंबर २०२५ रोजी शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचे आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचे संग्रहालय खुले झाले. देशातील पहिले डिजिटल आदिवासी संग्रहालय म्हणून त्याचा गौरव होतो. आदिवासींच्या लढ्याला असे स्थान मिळाले याचा आनंदच आहे. परंतु अशा प्रत्येक नव्या दालनासमोर उभे राहून प्रेक्षकाने एक प्रश्न विचारावा: पडद्यावरचा हा आवाज कोणाचा? ज्यांची कथा आहे त्यांचा, की शहरातील एखाद्या निवेदकाचा? सुरेल, शुद्ध, भारदस्त आवाजात सांगितलेली कथा कानाला गोड लागते. पण त्या गोडव्यात मूळ माणूस पुन्हा एकदा पुसला जाण्याची भीती असते.

मुर्रीने काय करावे

या सर्व इतिहासातून मुर्रीसारख्या गावाने काय घ्यावे? प्रथम हे जाणावे की संग्रहालय उभे राहण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. १९९४ साली ज्यासाठी संगणकांनी भरलेली खोली लागत होती, ते आज खिशातील मोबाईलवर होते. छत्तीसगडमध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ या उपक्रमात तर साध्या दूरध्वनीवरून खेड्यातील माणसे आपल्या बोलीत, गोंडीतसुद्धा, आपली वार्ता आणि गीते नोंदवू लागली. बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसाराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी तयार केलेली लिपी २०१७ साली संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात दाखल झाली. म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातील एका माणसाचे स्वप्न शंभर वर्षांनी यंत्राने मान्य केले. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी आयुष्यभर गोंडी भाषा, लिंगोपरंपरा आणि कचारगड यांवर लिहून आपल्या समाजाचा इतिहास समाजाच्याच शब्दांत मांडला. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा असल्याचे नोंदवले. भाषा जिवंत आहे. पण तिच्यात गाणारे वृद्ध एकेक करून जात आहेत.

आणि नोंदवावे असे गोंडीच्या बाहेरही पुष्कळ आहे. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारी अरुंद मापाची रेल्वे, लोकांच्या भाषेत छोटी लाईन, आता इतिहासजमा झाली आहे. नागपूरच्या मोतीबागेत २००२ साली उघडलेल्या संग्रहालयात तसल्या गाड्यांची इंजिने आणि डबे पाहावयास मिळतात. परंतु त्या डब्यांत मोहफुले, लाख आणि भाजीच्या टोपल्या घेऊन चढणाऱ्या बायांचा प्रवास इंजिन सांगू शकत नाही. तो सांगू शकणाऱ्या आजीबाई या मुलखात अजून आहेत. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात पऱ्हे लावताना म्हटली जाणारी गाणी, रात्ररात्र रंगणारी दंडार आणि खडीगंमत, मालगुजारी तलावांच्या पाण्याच्या वाटपावरून झालेले तंटे नि समेट, तेंदूपानांचा हंगाम, दिवसाकाठी हजार विडी वळणाऱ्या बोटांची कथा, हे सर्व या प्रदेशाचे दप्तर आहे. ते कोणत्याही कचेरीत नाही. माणसांच्या मनात आहे.

शाळेतील शिक्षकांनी, गावातील वाचनालयांनी, धर्मग्रामांतील तरुण मंडळांनी हे काम मनावर घेतले तर ते अवघड नाही. काही नियम मात्र कटाक्षाने पाळावेत. सांगणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव आणि नोंदीची तारीख प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या आरंभी त्याच्याच तोंडून घ्यावी. नाव गुप्त ठेवावे अशी त्याची इच्छा असेल तर तीही तितक्याच काळजीने पाळावी. त्याची बोली सुधारू नये. झाडीबोलीला प्रमाण मराठीचा अंगरखा चढवला की अर्धी कथा मरते. मुद्रण पुरे झाल्यावर ते प्रथम त्यालाच ऐकवावे, आणि जे वगळावे असे तो म्हणेल ते वगळावे. एक प्रत त्याच्या घरी द्यावी, एक शाळेत ठेवावी, एक दूरच्या एखाद्या ग्रंथालयात सोपवावी, आणि शब्दन्‌शब्द कागदावर उतरवून त्याची जाड वही बांधून ठेवावी. यंत्र बंद पडेल. वही उघडता येईल.

अशा नोंदी जमल्या म्हणजे एक दिवस नागपूरच्या किंवा मुंबईच्या संग्रहालयाने त्या मागाव्यात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधून आपली प्रदर्शने शाळांच्या आणि गावांच्या दारी नेली. संग्रहालय गावाकडे येऊ शकते हे त्याने दाखवले. आता गावानेही संग्रहालयाकडे जावे, आणि आपल्या अटींवर जावे.

टेंपल यांच्या ग्रंथातील तो परधान आता सापडणार नाही. त्याचे नाव कोणत्याही यंत्राने परत आणता येणार नाही. त्याचे ऋण फेडण्याचा एकच मार्ग आपल्या हाती आहे: आज आपल्यासमोर बसून जो कथा सांगतो, त्याला कथेच्या आधी त्याचे नाव विचारावे आणि ते नीट लिहून ठेवावे.